गयेला सोडलेली कॉफी

लग्न होऊन पुण्याहून बंगलोरला आले तेव्हा सासरच्या स्वयंपाकघरात मला पहिल्यांदा खटकलं ते हे, की तिथे छापील पाकीटच नव्हतं. बनशंकरीतल्या त्या घरात डाळ, गूळ, तिखट, शिकेकाई, सगळं कागदाच्या पुड्यांतून यायचं आणि पुडीत काय आहे हे दुकानदार तोंडाने सांगेल तेवढंच. माझे वडील औषधाच्या बाटलीपासून टूथपेस्टच्या नळीपर्यंत सगळ्यावरची बारीक अक्षरं भिंग घेऊन वाचत. मी त्यांचीच मुलगी. बिस्किटाचा पुडासुद्धा मागची बाजू वाचल्याशिवाय माझ्या पिशवीत जात नसे. नवरा चिडवायचा, "हिला पोथी वाचायला नको, साबणाचं वेष्टन द्या." मी त्याच्याकडे लक्ष देत नसे आणि वाचत राही.

सासूबाईंना घरीदारी सगळे अक्का म्हणत. त्यांची मुलंही अक्काच म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. हे घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, पण ती अशी की माझी पुण्याची आई पहिल्यांदा आली तेव्हा दोन दिवस नुसती हसून मान डोलवत होती. अक्कांचं आणि माझं तसं बरं जमायचं. फक्त माझं ते वाचणं त्यांना पटत नसे.

"दुकानदार काय आपला वैरी आहे?" त्या म्हणायच्या. "तोंड बघितलं की कळतं गं माणूस कसला आहे ते. कागदाला तोंड असतं?"

"तोंड बघून तिखटातली विटेची भुकटी कळते का?" मी विचारायची.

"सरी, सरी, असू दे. तू वाच. मी जाऊन बघून आणते."

वाद तिथेच थांबायचा, कारण दोघींनाही आपलंच खरं वाटायचं.

एका दुकानापुढे मात्र मी हात टेकले होते. बाजाराच्या कोपऱ्यावर कॉफीच्या पुडीचं दुकान होतं. बिया तिथेच भाजत, तिथेच दळत. सकाळी त्या रस्त्याने गेलं तर साडीलासुद्धा वास लागायचा. काउंटरवर पांढरा शर्ट घातलेले, कपाळाला गंध लावलेले एक गृहस्थ बसायचे. त्यांना सगळे अण्णा म्हणत. बिया कुठल्या, चिक्कमगळूरच्या की कुर्गच्या, हे ते न विचारता सांगायचे. पीबेरी, म्हणजे गोल दाण्याची कॉफी, मागितली आणि त्या आठवड्यातली चांगली नसली, तर "ह्या वेळी नको, पुढच्या वेळी न्या" म्हणायचे. आणि दळायच्या आधी प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच प्रश्न, "चिकोरी एष्टु?" म्हणजे कॉफीत मिसळायची ती मुळाची पूड किती घालू. तुम्ही सांगाल तेवढीच ते तुमच्या डोळ्यांदेखत घालत. नको म्हणालात तर अजिबात नाही. माझ्यासारख्या संशयी बाईलासुद्धा तिथे बोट ठेवायला जागा नव्हती. अक्का म्हणायच्या, "बघ. काय लिहिलंय का कुठे? तरी खरं आहे की नाही?"

ही कॉफी नवरा आणि मी पीत असू. अक्का कॉफी पीत नसत. बंगलोरच्या बाईने कॉफी पिऊ नये ह्याचं मला नवल वाटलं होतं, म्हणून लग्नानंतर थोड्याच दिवसांत मी नवऱ्याला कारण विचारलं. तेव्हा मला त्याच्या मोठ्या भावाबद्दल पहिल्यांदा नीट कळलं. भिंतीवर हार घातलेला फोटो होता, पण त्याच्याबद्दल त्या घरात कोणी आपण होऊन बोलत नसे. कॉलेज संपवून नुकताच नोकरीला लागला होता. कावीळ झाली आणि पंधरवड्यात गेला. लहानपणापासून तो आईबरोबर पहाटे उठायचा. घर जागं व्हायच्या आत मायलेक दोघं स्वयंपाकघरात बसून पहिली कॉफी घेत. तो फिल्टरमधून गळून आलेला पहिला दाट डिकॉक्शन आईच्या पेल्यात ओतायचा आणि नंतरचा पातळ स्वतः घ्यायचा. त्या वेळात दोघं काय बोलत हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

तो गेल्यावर सासरे अक्कांना घेऊन गयेला गेले. गयेला पिंडदान झालं की तिथल्या वडाखाली आवडीची एखादी वस्तू गेलेल्या माणसाच्या नावाने कायमची सोडायची रीत आहे. बहुतेक लोक ह्यात थोडी चलाखी करतात. सासऱ्यांनी पडवळ सोडलं, जे त्यांनी जन्मात ताटात घेतलं नव्हतं. नवऱ्याच्या एका काकांनी सफरचंद सोडलं, कारण ते महाग. अक्कांना तिथल्या गुरुजींनी विचारलं, बाई, तुम्ही काय सोडता? त्या म्हणाल्या, कॉफी. सासरे म्हणे तिथेच कुजबुजले, अगं, भाजी सोड एखादी, कॉफीशिवाय तुझं डोकं धरतं. पण संकल्पाचं पाणी हातावरून सुटून गेलं होतं.

परत आल्यावर त्यांचं डोकं खरोखरच दिवसचे दिवस धरायचं. पहाटे उठून त्या गरम पाणी घेऊन त्याच जागेवर बसायच्या. असं बरंच चाललं. मग कॉफीच्या दुकानातल्या अण्णांनी कषायाची पूड विकायला सुरुवात केली. गहू, धने, जिरं, सुंठ असं काय काय भाजून दळलेलं, दुधात उकळून घ्यायचं. डॉक्टरांनी कॉफी बंद केलेल्या लोकांसाठी होतं ते. अक्कांनी आणून बघितलं आणि त्यांना ते फार आवडलं. मी आले तेव्हा त्या रोज पहाटे तेच पीत होत्या.

मी एकदा त्यांच्याबरोबर पहाटे उठले होते. मुलगी पोटात होती, झोप येत नव्हती. त्यांनी मलाही अर्धा पेला दिला. मी म्हटलं, "छान आहे हो, अगदी कॉफीसारखंच लागतंय." त्यांचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिले. सुनेशी इतकं मोकळं त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"लागतं ना?" त्या म्हणाल्या. "मी कोणाला सांगत नाही, हसतील. मला वाटतं, त्यानेच केली ही सोय. अक्काने माझ्यासाठी कॉफी सोडली, डोकं धरून बसते, बघवेना त्याला. म्हणून दुसरं काय तरी धाडलं. सोडलेलंही मोडलं नाही आणि अक्काचंही भागलं."

मी देवाधर्माची फारशी नाही. एरवी मी काहीतरी बोलले असते. त्या पहाटे मात्र मला ते अगदी पटल्यासारखं वाटलं.

नव्वदीची मधली वर्षं असतील. शहर भराभर बदलत होतं. इंदिरानगरात आत फिरून आपल्या हाताने वस्तू उचलायच्या, अशी मोठी दुकानं निघाली होती. अण्णा थकले होते, दुकान मुलगा बघू लागला होता. त्याला त्या मोठ्या दुकानांत माल घालायचा होता आणि ती दुकानं छापील लेबल नसलेलं काहीही ठेवून घेत नसत. म्हणून त्याने पाकिटं बंद करायचं यंत्र आणलं, कानडी आणि इंग्रजीत लेबलं छापून घेतली. कॉफीच्या पाकिटावर चिकोरी किती टक्के तेही आलं. मला केवढा आनंद झाला. मी घरी जाहीर केलं, "बघा, शिकलेला मुलगा आहे. आता कसं, जे आहे ते लिहिलेलं."

त्याच सुमारास अक्कांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नवा चष्मा आला आणि त्यांना वाचायचं वेडच लागलं. कितीतरी वर्षं सगळं धुक्यातून बघितलेलं. आता बसच्या पाट्या, कॅलेंडरच्या मागचा मजकूर, मुलीच्या कंपासपेटीवरची कंपनी, सगळं त्या मोठ्याने वाचायच्या. कानडी त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं वाचता यायचं. नवरा म्हणाला, "आता घरात दोन झाल्या." आम्ही सगळे हसलो, त्याही हसल्या.

कषायाचं नवं पाकीट आदल्या संध्याकाळी नवऱ्याने ऑफिसातून येताना आणलं होतं. सकाळी मी मुलीची वेणी घालत होते. आतून अक्कांचा वाचायचा आवाज येत होता, गोधी, म्हणजे गहू, कोत्तंबरी, जिरिगे, शुंठी. मग आवाज थांबला. दूध ओट्यावर उतू गेल्याचा वास आला म्हणून मी धावले. त्या पाकीट हातात धरून उभ्या होत्या आणि दूध शेगडीवरून खाली येत होतं.

"इथे काय लिहिलंय बघ गं," त्या म्हणाल्या. "माझा चष्मा नवा आहे."

मी कानडी अक्षरं लावत बसले नाही, पाकीट उलटं करून इंग्रजी वाचलं. यादीत शेवटी कॉफी पूड होती. सुंठीच्या पुढे, स्वल्पविराम देऊन, बाकीच्यांच्याच आकारात.

मी म्हटलं, अण्णांच्या मुलाने काहीतरी नवीन सुरू केलं असेल. म्हटलं, छापणाऱ्याची चूक असेल, कॉफीच्या लेबलावरचं इकडे आलं असेल. आयुष्यभर छापील अक्षरावर विश्वास ठेवणारी मी, त्या सकाळी अक्षर खोटं ठरावं म्हणून धडपडत होते. अक्कांनी गॅस बंद केला, ओटा पुसला आणि म्हणाल्या, "चल, अण्णांना विचारून येऊ."

दुकानात मुलगा यंत्रापाशी होता, अण्णा नेहमीच्या जागेवर बसले होते. अक्कांनी पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं आणि कानडीत विचारलं, ह्यात कॉफी कधीपासून घालता?

अण्णा सहज म्हणाले, "आधीपासूनच, अक्का. स्वल्पच असते. नुसत्या गव्हाधन्याला रंग येत नाही, वास येत नाही. सुरुवातीला लोक न्यायचे आणि काढा लागतो म्हणून आणून द्यायचे. थोडी पूड घातली, मग कोणी परत आणलं नाही."

"म्हणजे मी नेते तेव्हापासून?"

"हो की."

"मला सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत, अक्का." त्यांच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, ते खरंच विचारात पडले होते. "कॉफी घेणाऱ्याला मी चिकोरी विचारतो, कारण प्रत्येकाला वेगळी लागते. कषायात काय आहे हे आजवर कोणी विचारलंच नाही. तुम्हाला सोसत नाही का? त्रास झाला का काय?"

अक्का मान हलवून नाही म्हणाल्या. गयेबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मला राहवेना. मी माझ्या तुटक्या कानडीत भांडायला लागले, हे आधी लिहायला नको होतं का, लोक व्रताचे असतात, आजारी असतात, असं कसं न सांगता घालता तुम्ही?

मुलगा यंत्र थांबवून पुढे आला आणि नीट बोलला. "बरोबर आहे तुमचं, मॅडम. म्हणून तर आता लिहिलंय."

तो जे करत होता तेच तर मी इतकी वर्षं मागत होते. अण्णांनी पाकिटाचे पैसे परत द्यायला काढले, अक्कांनी ते घेतले नाहीत, आणि आम्ही बाहेर आलो. चिडावं असं मला कोणी सापडेना आणि चीड मात्र जाईना. अजूनही त्या दुकानापुढून जाताना ती थोडी वर येते.

संध्याकाळी नवऱ्याने आईची समजूत घातली. "नकळत झालंय, अक्का. नकळत झाल्याचा दोष लागत नाही."

"दोषाचं कोण बोलतंय?" त्या म्हणाल्या. "लागू दे की मला. मी त्याला एक वस्तू दिली होती. देऊन रोज सकाळी थोडी थोडी परत घेतली. आणि वर म्हणत होते, त्यानेच पाठवली."

नवरा उठून गॅलरीत गेला. त्याच्या पाठीवरून मला कळलं की तो रडतोय. मी दोघांच्या मधे उभी होते आणि मला कोणाकडेच जाता येईना.

दुसऱ्या दिवसापासून मी घरी कषाय करू लागले. निवडून, धुऊन, वाळवून, खमंग भाजून. मी त्यात जीव ओतला असं म्हणायला हरकत नाही. गहू कुठून आणला, धने कुठून आणले, सगळं मला ठाऊक होतं. इतकी खात्रीची वस्तू त्या घरात कधी शिजली नसेल. अक्कांनी पहिला घोट घेतला आणि त्या थांबल्या.

"आता बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "काढा लागतोय."

त्यांनी पेला संपवला. पुढे रोज तेच घेतलं, औषध घेतात तसं, उभ्याने. पहाटे स्वयंपाकघरात बसायचं मात्र त्यांनी सोडलं. डोकं पुन्हा धरू लागलं. डॉक्टर म्हणाले, कॉफी एकदम तोडली की असं होतं, सवयीचा भाग आहे, थोडी थोडी घेऊन कमी करा. हे त्यांना कोण सांगणार? नवरा म्हणाला, तू सांग. मी म्हटलं, तुझी आई आहे. कोणीच सांगितलं नाही.

त्यांच्या मनातून ते जाईना म्हणून आम्ही घरच्या गुरुजींना बोलावलं. बरे होते बिचारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, एवढं लावून घेऊ नका. गयेला जायचं ह्या वयात झेपणार नाही. इथेच पिंपळाखाली मुलाच्या नावाने दुसरी एखादी वस्तू सोडा. फक्त मनापासून आवडीची हवी, म्हणजे मनाची टोचणी राहणार नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. चला, एवढ्याने भागतंय तर बरंच झालं. नवऱ्याने लगेच येणारी अमावास्या ठरवलीसुद्धा.

अक्का त्या आठवड्यात सारख्या विचार करत होत्या. जेवताना मधेच थांबायच्या. नवरा एकेक सुचवायचा. फणस? "फणस तुझ्या वडलांना आवडायचा. मी गरे काढायची, खाल्ला कधी?" होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी? तर गोड डॉक्टरांनी केव्हाच बंद केलेलं. "डॉक्टरांनी घेतलेली वस्तू मी कशी देऊ?" चिवडा, शेंगा, पेरू दातांबरोबर गेलेले. मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा त्यांना खूप आवडायचा म्हणे, पण सासरे गेल्यापासून त्यांनी माळला नव्हता. आंबा सासऱ्यांच्या नावाने आधीच सोडलेला होता. नवरा शेवटी वैतागून म्हणाला, "मग वांगं सोड ना. लोक सोडतात."

"वांगं सोडून काय होतं रे मला?" त्या म्हणाल्या. "बाजारात मिळतं की नाही हेसुद्धा मला कळायचं नाही."

अमावास्येच्या आदल्या दुपारी मी भाजी निवडत होते. त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला.

"तू इतकी वर्षं मला वाढतेस," त्या म्हणाल्या. "तुझं लक्ष असतं सगळ्यावर. तू सांग, मला काय आवडतं?"

मला वाटलं, हे तर सोपं आहे. मी तोंड उघडलं. त्यांना भात किती मऊ लागतो ते मला माहीत होतं. कुठल्या बाजूच्या दाढेने चावतात, कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, ताकात मीठ चालतं की नाही, सगळं माहीत होतं. काय चालत नाही, काय सोसत नाही, काय वर्ज्य आहे, ह्याची उत्तरं मी झोपेत दिली असती. आवडतं असं मी एकेक मनात पुढे आणत होते आणि ते दुसऱ्याच कोणाचं तरी निघत होतं, नवऱ्याचं, मुलीचं, सासऱ्यांचं. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती, पण त्यांच्यासमोर त्या क्षणी खोटं बोलायची माझी हिंमत झाली नाही.

त्यांनी माझ्यापुढची भाजी आपल्याकडे ओढून निवडायला घेतली.

"सुचत नाही ना?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, माझीच समजूत घालावी तसा तो होता. "मलाही आठवडाभर सुचत नाही. मग लेकराला देऊ काय मी?"